भाद्रपदात ठरणारी भाजी

आमच्या काचीगुड्याच्या जुन्या घरात गणपती बसले की दुसऱ्या दिवशी दोन कामे ठरलेली असत. एक, ऋषीची भाजी. दुसरे, पुढच्या हंगामाची यादी. सकाळी आजी परसात फिरून अळू, माठ, भेंडी, दोडका, पडवळ, तांबडा भोपळा, अंबाडी असे जे हाताला लागेल ते सुपात गोळा करी आणि दुपारी जेवणे आटोपल्यावर जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे आजोबांकडून लिहून घेई : कुठल्या वाफ्यात काय लावायचे, बी कुणाकडून आणायचे, यंदा काय चुकले.

हा दिवस त्यासाठी का, हे फार उशिरा उमगले. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, अशी आपली रीत. नांगरटीचे धान्य त्या दिवशी वर्ज्य. हाताने खणून, हाताने लावून जे येते तेच ताटात. म्हणजे हा सण परसबागेची वार्षिक परीक्षाच होता. सूप भरले तर बाग पास. वांगी कमी आली, घेवड्यावर मावा पडला, हे त्या दिवशी लपत नसे.

हैदराबादसारख्या शहरात ही रीत टिकली, कारण शहराचा स्वभावच बागेचा होता. बशीरबाग, सीतारामबाग, बाग लिंगमपल्ली, बाग अंबरपेट ही नावे आजही बसच्या पाट्यांवर आहेत. पंडित केशवराव कोरटकर, वामनराव नाईक या मंडळींनी 1907 साली सुरू केलेली आपली विवेक वर्धिनी ज्या जांबागेत उभी आहे, ती म्हणे पेरूची बाग. इथे पेरूला जाम म्हणतात. पुढच्याच वर्षी, 28 सप्टेंबर 1908 रोजी, मुसीला महापूर आला आणि हजारो माणसे गेली. त्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मान सागर (1920) आणि हिमायत सागर (1927) हे तलाव झाले. घराघरात नळ आले, तरी भाजीला पाणी मात्र बावडीचे आणि मोरीचे. मोरीच्या तोंडाशी अळू आणि केळ, कुंपणावर तोंडली, मांडवावर दोडका. मराठी घर दुरून ओळखायला अळूचे पान पुरेसे होते.

बियाणे यायचे मराठवाड्यातून. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडपर्यंत मीटरगेज लाईन झाली, 1916 मध्ये काचीगुडा स्टेशनची देखणी इमारत उभी राहिली आणि परभणी, नांदेडकडचे पाहुणे गाडीतून उतरताना हातात कापडी पुरचुंडी घेऊन येऊ लागले. कधी गवार, कधी चवळी, कधी राखेत घोळलेले दोडक्याचे बी. परतताना त्यांच्याकडे इथला दोसकाय नाही तर चुक्क्याचे बी असे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा तिकडे गेला आणि आपण इकडे राहिलो; पण पुरचुंड्यांना राज्यपुनर्रचना कुणी सांगितली नव्हती.

शेजारणींशी आजीची मैत्री भाजीच्या नावांवर झाली. दोडका म्हणजे बीरकाय, पडवळ म्हणजे पोटलकाय, तोंडली म्हणजे दोंडकाय, मायाळू म्हणजे बच्चलीकूर, शेवगा म्हणजे मुनगाकाय. आपली अंबाडी त्यांची गोंगुरा. आणि गंमत अशी की गल्लीतल्या दखनी बोलणाऱ्या घरांत तिला ‘अंबाडे की भाजी’ म्हणत. म्हणजे भाजी एक, भाषा तीन, आणि त्यातल्या दोघींचा शब्द एकच. पेरणीचा हिशेबही सामायिक. आपण मृग, हस्त, चित्रा, स्वाती म्हणतो. तेलुगू शेतकरी त्याच नक्षत्रांना ‘कार्ते’ जोडतो. पंचांग उघडायला दुभाषा लागत नसे.

या साऱ्यात बटाटा कुठे? ऋषीच्या भाजीत तो नाही, कारण ही रीत बटाट्याहून जुनी आहे. बटाटा मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. आपल्या किनाऱ्यावर आला तो पोर्तुगीजांमार्फत. ‘बटाटा’ हा शब्द त्यांचाच, आणि गंमत म्हणजे कॅरिबियन बेटांवर तो मुळात रताळ्याचा होता. उत्तरेकडे त्याला ‘आलू’ हे कंदाचे जुने नाव चिकटले. तेलुगूत तो झाला ‘बंगाळादुंपा’, म्हणजे बंगालचा कंद. तेलंगणात ‘आलुगड्डा’. एका बटाट्याची ही नावे नीट पाहिली तर तो इथे कोणकोणत्या वाटांनी आला ते कळते, आणि हैदराबादच्या बाजारात पश्चिमेची, उत्तरेची आणि पूर्वेची अशा तिन्ही वाटा एकाच टोपलीत येऊन मिळतात.

महाराष्ट्रात बटाटा रुजला तो एकोणिसाव्या शतकात. महाबळेश्वरला शिक्षा भोगायला आणलेल्या चिनी कैद्यांनी बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या. पुण्याकडे खेड आणि जुन्नर ही नावे बटाट्यासाठी प्रसिद्ध झाली. नवलाची गोष्ट अशी की ऋषीच्या भाजीने ज्याला दार उघडले नाही, त्याला उपवासाने सन्मानाने पाटावर बसवले. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची : आपली एकादशी अर्धी अमेरिकेची आहे!

आमच्या परसात मात्र बटाटा फसला होता. एका वर्षी आजोबांनी हौसेने मृगातच बटाट्याच्या फोडी लावल्या. पाला असा माजला की शेजारी बघायला यायचे. भाद्रपदात खणून पाहिले तर सुपारीएवढे दाणे, आणि निम्मे कुजलेले. त्या वर्षीच्या यादीत आजोबांच्या अक्षरात एकच ओळ होती : ‘बटाटा पावसात नको.’

कारण साधे आहे. बटाट्याचे कंद धरायला रात्री थंड लागतात, साधारण वीस अंशांच्या आसपास किंवा त्याखाली. पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर पावसाळी बटाटा येतो तो उंचीमुळे. हैदराबादला हस्ताचा पाऊस सरल्यावर, चित्रा-स्वातीत, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून लावावा आणि संक्रांतीनंतर काढावा. जहीराबादकडचे शेतकरी हेच करतात आणि बियाणे आग्र्याकडून मागवतात. उत्तरेत बियाणे तयार करता येऊ लागले, त्यामागे 1949 साली स्थापन झालेल्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेची मेहनत आहे. मावा कमी असण्याच्या काळात पीक घेतले तर रोगमुक्त बी मिळते, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवले. संस्थेच्या कुफरी चंद्रमुखी आणि कुफरी ज्योती या जाती 1968 पासून देशभर पसरल्या.

घरची बाग हा नेहमीच हौसेचा भाग नव्हता. दुसऱ्या महायुद्धात ‘अधिक धान्य पिकवा’ची हाक आली. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक जेवण सोडायला सांगितले आणि स्वतःच्या बंगल्याची हिरवळ नांगरली. आजी सांगे, त्या वर्षी तिने गुलाब काढून मेथी लावली आणि त्याचे तिला कधी वाईट वाटले नाही. पण ती एका पिकावर कधी विसंबली नाही. तिला आयर्लंड ठाऊक नव्हते. तिथे 1845 नंतर बटाट्यावर करपा पडला आणि मुख्यतः एकाच जातीवर जगणाऱ्या देशातली सुमारे दहा लाख माणसे गेली. आजी इतकेच म्हणे, ‘सगळी अंडी एका कोंबडीखाली ठेवू नयेत.’

मग जानेवारी 1999 मध्ये रयतू बाजार सुरू झाले. शेतकऱ्याच्या हातून ताजी भाजी मिळू लागली आणि परसाची निकड संपली. त्याच सुमारास वाड्यांच्या जागी अपार्टमेंट उठू लागली. आमचेही घर गेले. सामान हलवण्याच्या घाईत देवघराच्या फडताळातला बियांचा डबा राहून गेला. दुसऱ्या दिवशी मी धावत गेलो तेव्हा भिंत पडली होती. त्या डब्यात परभणीकडच्या दोडक्याचे बी होते, तीन पिढ्या लावलेले. बाजारातला दोडका चांगला असतो. तो तो नसतो.

आज आपल्यापैकी बहुतेकांकडे परस नाही, गच्ची आहे. शहराखाली मुसीच्या सांडपाण्यावर पालेभाजी पिकते हे आपण जाणतो, म्हणून निदान पालक, मेथी, कोथिंबीर तरी घरची असावी असे वाटते. तेव्हा यंदा ऋषिपंचमीला यादी करूया. आत्ता मुळा आणि चुका. ऑक्टोबरात टोमॅटो, वांगी आणि पिशवीतला बटाटा. थंडीत मेथी, पालक, वाटाणा. बटाट्याला दोन-तीन डोळे असलेली फोड घ्यावी, महिन्याने मातीची भर द्यावी, उन्हात हिरवा पडलेला कंद खाऊ नये. बटाटा, टोमॅटो, वांगी आणि मिरची ही एकाच कुळातली भावंडे. त्यांना दर वर्षी त्याच मातीत बसवू नये, एकाचा रोग दुसऱ्याला लागतो.

आणि एक विनंती. ज्यांच्या घरी अजून जुनी पुरचुंडी आहे, त्यांनी यंदा आरतीला येताना त्यातले चार दाणे कागदात बांधून आणावेत. बी एका घरात ठेवले तर हरवते, दहा घरांत वाटले तर राहते. पुढच्या वर्षी कुणाच्या तरी मांडवावर लागलेला दोडका ऋषीच्या भाजीत पडला, तर मला अवश्य बोलवा. मी चव घेऊन सांगेन, तो तोच आहे की नाही.