मोरस साखरेचे बेट

माझी आजी पांढऱ्या दाणेदार साखरेला 'मोरस' म्हणत असे. गूळ तो गूळ, आणि वाण्याकडून पुडीत बांधून येई ती मोरस. हा शब्द कोठून आला, हे तिला ठाऊक नव्हते आणि विचारण्याचे कारणही तिला कधी पडले नाही. साखर कामगारांच्या संघटनेत काम करू लागल्यावर एका जुन्या शब्दकोशात मला त्याचा उलगडा झाला. मोरस म्हणजे मॉरिशसची साखर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या बेटावरची साखर मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानात येई. ती इतकी आली की देशाचे नाव गळून पडले आणि मालालाच ते नाव चिकटले. गंमत अशी, की साखर तिकडून इकडे येत होती आणि ती पिकवणारी माणसे इकडून तिकडे जात होती. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत आपण परदेशी साखर वर्ज्य केली, ते योग्यच झाले. पण त्या साखरेतील बऱ्याच भागाला आपल्याच माणसांचे हात लागलेले होते, हे तेव्हा किती जणांच्या ध्यानात आले असेल?

ते बेट एकदा पाहावे, ही इच्छा मनात पुष्कळ वर्षे होती. ती उशिरा का होईना फळाला आली. मुंबईहून विमानाने सहा-सात तासांत माणूस तेथे पोहोचतो. शिडाच्या जहाजातून आपले लोक जात, तेव्हा ह्याच वाटेला कित्येक आठवडे लागत. बेट लहान आहे, रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथाईहूनही लहान. लोकवस्ती सुमारे साडेबारा लाखांची. विमानतळावरून गाडी निघाली की दोन्ही बाजूंना ऊस दिसू लागतो आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. ही जमीन ज्वालामुखीची, आपल्या दख्खनसारखीच काळ्या कातळाची. ती लागवडीला आणायची तर आधी दगड वेचावे लागत. पुढे ह्या कामाला यंत्रे आली. पण पहिली कित्येक वर्षे हे दगड माणसांनी हातांनी उचलले, आधी गुलामांनी आणि मग आपल्या लोकांनी. प्रवासी समुद्रकिनाऱ्याची चित्रे घेऊन परततात. माझी नजर मात्र त्या ढिगांवरून हलेना.

ह्या बेटावर मूळची मनुष्यवस्ती नव्हती. १५९८ मध्ये डच तेथे उतरले आणि आपल्या राजपुत्र मॉरिसचे नाव त्यांनी बेटाला दिले. डोडो नावाचा न उडणारा पक्षी त्यांच्या काळात नामशेष झाला. १७१० मध्ये डच निघून गेले, १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेटावर हक्क सांगितला, आणि १८१० मध्ये इंग्रजांनी ते जिंकून घेतले. राज्यकर्ते बदलले तरी मळेवाले फ्रेंचच राहिले. आफ्रिका आणि मादागास्करमधून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर हे मळे उभे होते. १८३५ साली तेथे गुलामगिरी कायद्याने बंद झाली, तेव्हा साठ हजारांहून अधिक गुलाम होते. मालकांना सुमारे वीस लक्ष पौंडांची भरपाई मिळाली. गुलामांना एक कवडीही मिळाली नाही. नैऋत्य कोपऱ्यात ल मॉर्न नावाचा उभ्या कड्याचा डोंगर आहे. पळालेले गुलाम तेथे लपून राहत. आपल्या लोकांचा इतिहास सांगताना त्या डोंगराकडे पाठ करून चालणार नाही, कारण आपल्या लोकांना तेथे नेले ते गुलामांची जागा भरण्यासाठीच.

गुलामी जाणार हे दिसताच मळेवाल्यांनी हिंदुस्थानकडे नजर वळवली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाच्या जहाजाने कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात आणले. ते छोटा नागपूरच्या डोंगरातले आदिवासी होते. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांवर माणसे ह्या वाटेने गेली. बहुसंख्य बिहार आणि संयुक्त प्रांतातील, त्यानंतर मद्रास इलाख्यातील. मुंबई बंदरातून जाणाऱ्यांचा वाटा लहान होता. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा ह्या भागांतील मराठी माणसे होती. ह्याच्याही आधी, १८१५ पासून, बंगाल आणि मुंबई इलाख्यांतील जन्मठेपेचे कैदी तेथे रस्ते बांधण्यासाठी पाठवले गेले होते. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन तेथे उतरला, तेव्हा ते कैदी त्याने काम करताना पाहिले आणि तसे लिहूनही ठेवले.

हे मजूर का गेले? कोकणातील माणसाला ह्याचे उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही. जमीन थोडी, ती खोताची, आणि पाऊस संपला की हाताला काम नाही. १८५४ नंतर मुंबईत कापडाच्या गिरण्या निघू लागल्या आणि त्याच रत्नागिरीची माणसे गिरणीत शिरली. म्हणजे एकाच मुलखातून दोन वाटा फुटल्या, एक गिरणगावाकडे आणि एक काळ्या पाण्यापलीकडे. पहिलीचा इतिहास आपण थोडाफार लिहिला. दुसरीला आपण विसरून गेलो.

पोर्ट लुई बंदरात आप्रवासी घाट आहे. पूर्वी त्याचे नाव 'कुली घाट' होते. येथील इमारती १८४९ पासून उभ्या राहिल्या. २००६ साली जागतिक वारसास्थळांत त्याची गणना झाली. आज मूळ वास्तूचा थोडाच भाग उरला आहे. काही भागावरून मोठा रस्ता गेला. पण दगडी पायऱ्या आहेत, मोजून सोळा. जहाजातून उतरलेला प्रत्येक माणूस ह्या पायऱ्या चढून वर येई. नाव, बापाचे नाव, गाव, वय, अंगावरील खुणा, सारे नोंदले जाई आणि त्याला एक नंबर मिळे. मी त्या पायऱ्या चढलो. माझ्यासोबत एक निवृत्त मराठी शिक्षक होते. त्यांच्या पणजोबाचे पहिले नाव हेच आज त्यांच्या कुटुंबाचे आडनाव आहे. तेथे अनेक मराठी घरांचे असेच झाले. कारकुनाने जे एक नाव लिहिले तेच पिढ्यान्‌पिढ्या आडनाव होऊन बसले. ते मला म्हणाले, "काका, आमचं खरं आडनाव काय होतं, हे तुमच्याकडे कोणी सांगू शकेल का?" मला उत्तर देता आले नाही. मोका येथे महात्मा गांधी संस्थेत ह्या मजुरांची दप्तरे जपलेली आहेत, नंतरच्या काळात काढलेली त्यांची छायाचित्रेही आहेत. परंतु दप्तरात जे लिहिलेच गेले नाही, ते कोठून मिळावे?

आता करार काय होता ते पाहू. आरंभीच्या करारांची मुदत पाच वर्षांची. पुरुषाला महिना पाच रुपये. रोज दोन पौंड तांदूळ, अर्धा पौंड डाळ, थोडे मीठ आणि तेल, अंगावर घालायला कपडे आणि एक घोंगडी. कागदावर पाहिले तर वाईट दिसत नाही. फिजी आणि नाताळकडे गेलेले लोक ह्या कराराला 'गिरमिट' म्हणत. परंतु कराराचा खरा अर्थ त्याच्या दंडाच्या कलमात असतो, हे युनियनमध्ये काम करणाऱ्याला शिकवावे लागत नाही. तेथे 'डबल कट' नावाची पद्धत होती. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. आजारी पडला तरी तेच. रविवारीही मळ्यावर बिनपगारी काम ठरलेले असे. १८६७ च्या कायद्याने, मुदत संपलेल्या मजुरावरही छायाचित्राचा परवाना जवळ बाळगण्याची सक्ती आली. परवान्याशिवाय सापडला की भटक्या म्हणून अटक. म्हणजे करार संपला तरी मोकळीक नाही. पुन्हा मळ्यावर जाऊन सही करावी, हाच त्या कायद्याचा हेतू होता.

ह्याविरुद्ध पहिला मोठा अर्ज १८७१ मध्ये झाला. अडोल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका युरोपीय माणसाने तो लिहून दिला आणि ९,४०१ मजुरांनी त्यावर सह्या आणि खुणा केल्या. मळेवाले इतके खवळले की प्लेविट्झला भर शहरात मारहाण झाली. पण अर्ज वाया गेला नाही. १८७२ मध्ये शाही चौकशी मंडळ नेमले गेले आणि १८७५ च्या त्याच्या अहवालात मजुरांच्या तक्रारी खऱ्या ठरल्या. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ मध्ये सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. त्यात पहिली मागणी होती ती रविवारच्या सुट्टीची. दोन्ही अर्जांत १३ वर्षांचे आणि एका समुद्राचे अंतर आहे. तरी निरक्षर माणसांनी अंगठे उठवून आपला एक दिवस परत मागितला, ही गोष्ट दोहोंकडे सारखीच आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९०१ मध्ये नाताळहून परतताना गांधीजी तेथे काही आठवडे राहिले. मुलांना शिकवा आणि सार्वजनिक कामात भाग घ्या, हा त्यांचा उपदेश. १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तेथे गेले, मजुरांचे खटले चालवले, वर्तमानपत्र काढले. इकडे गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९१२ मध्ये ही करारपद्धतीच समूळ बंद करावी, असा ठराव मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला. सरकारने तो फेटाळला, पण पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, ही भरती थांबवणे सरकारला भाग पडले.

तथापि करार गेला म्हणून मळा गेला नाही. १९३७ मध्ये लहान शेतकऱ्यांच्या 'उबा' जातीच्या उसाचा भाव कारखान्यांनी १५ टक्क्यांनी उतरवला आणि बेटभर असंतोष उसळला. युनियन फ्लाक येथे गोळीबारात चार माणसे पडली. त्याच्या आदल्याच वर्षी डॉ. मॉरिस क्युरे ह्यांनी मजूर पक्ष स्थापन केला होता. गोळीबारानंतर चौकशी झाली आणि १९३८ मध्ये कामगारांना संघटना करण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. पण २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू हारेल येथे संपकऱ्यांवर पुन्हा गोळ्या चालल्या. चौघांचा बळी गेला. त्यांत अंजली कुप्पेन ही मजूर स्त्री होती. ती गरोदर होती. आज तेथील एका मोठ्या क्रीडांगणाला तिचे नाव आहे. राजेरजवाड्यांची नावे सगळीकडे दिली जातात. ऊस तोडणाऱ्या बाईचे नाव दिलेले मी प्रथमच पाहिले.

मला सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट 'बैठके'ची. दिवसभर मळ्यात राबून मजूर संध्याकाळी गावातील एका झोपडीत जमत, अक्षरे गिरवत, पोथी वाचत, भांडणे मिटवत. ह्या झोपडीला बैठका म्हणत. मी स्वतः रात्रशाळेत आणि युनियनच्या कचेरीत वाचायला शिकलेला माणूस आहे, म्हणून ही गोष्ट मला जवळची वाटली असेल. पण तिचे फळ मोठे आहे. १९४७ च्या राज्यघटनेने, बेटावर चालणाऱ्या भाषांपैकी कोणत्याही भाषेत साधे लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढाला मत दिले. बिसुनदयाल बंधूंनी आणि त्यांच्या स्वयंसेवकांनी गावोगावी लोकांना लिहायला शिकवले. मतदारांची संख्या सुमारे १२ हजारांवरून ७० हजारांवर गेली. १९४८ च्या निवडणुकीत मळेवाल्यांची सत्ता डळमळली, ती पुन्हा सावरली नाही. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. दांडीयात्रा सुरू झाली तोच हा दिवस.

मराठी माणसे तेथे थोडी, पण गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. मी गेलो तेव्हा भाद्रपद होता. बायकांनी झिम्मा धरला, पुरुषांनी जाखडीचा फेर. गाणी मराठी, गप्पा क्रिओलमध्ये. शाळांतून मराठी हा विषय आहे. भाषा घरात फारशी उरली नाही, पण जपण्याची जिद्द उरली आहे.

शेवटी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आज त्या देशात साखर कारखाने बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत आणि कापडाच्या कारखान्यांत बांगलादेश, मादागास्कर आणि भारतातूनही मजूर करारावर येतात. ज्यांचे आजे-पणजे करारावर आले, त्यांच्याच देशात आज दुसरे कोणी करारावर येते. मी हे बोललो तेव्हा त्या शिक्षकांनी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "आणि तुमच्याकडे ऊस कोण तोडतं?"

हा प्रश्न बरोबर होता. आमच्याकडे ऊसतोडणीला बीडकडून जोडपी येतात. हंगामापूर्वी मुकादम उचल देतो. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. दोघांपैकी एक आजारी पडला, काम चुकले, तर त्याला 'खाडा' म्हणतात आणि त्याचा दंड कापून घेतला जातो. तो पुष्कळदा दिवसाच्या कमाईहून अधिक भरतो. 'डबल कट'चे हेच मराठी नाव आहे. मी तीस वर्षे साखर कामगारांत काम करतो. कारखान्याच्या आतल्या कामगारांसाठी आम्ही पगाराचे करार केले, बोनस मिळवला, रजा मिळवली. दाराबाहेरच्या कोयत्याला आम्ही आमचा मानला नाही. हा दोष मी दुसऱ्या कोणावर टाकत नाही.

म्हणून ही हकीकत केवळ बेट पाहून आलो एवढ्यासाठी सांगितली नाही. आजीची मोरस आता आपल्याच शेजारच्या कारखान्यात तयार होते. तिच्यात कोणाचा खाडा मिसळला आहे, एवढे चहाचा कप हाती घेताना आपण विचारले पाहिजे आणि ज्यांच्या हाती संघटना आहे, त्यांनी त्या कोयत्याला आत घेतले पाहिजे. मॉरिशसच्या मजुरांना मोकळीक मिळाली ती कोणाच्या दयेने मिळाली नाही. अर्ज, बैठका, युनियन आणि मत, ह्या चार पायऱ्यांनी ते वर आले. त्या पायऱ्या आपल्याकडेही आहेत. आपल्या माणसांना हात धरून त्या चढवणे, एवढेच काम उरले आहे.