रक्तशर्करेचें माप रोग्याच्या हातीं

मधुमेह्याचें मूत्र गोड असतें हें चरक-सुश्रुतांच्या काळापासून वैद्यांस ठाऊक होतें. पुढें मूत्रांतील साखर रंगावरून ओळखण्याची युक्ति निघाली. परंतु मूत्र जें सांगतें तें मागाहून, आणि रक्तांतील साखर फार उतरल्याची वार्ता तर तें देतच नाहीं. इन्शुलिन घेणारास खरें भय या उताराचेंच!

१९६९ सालीं रिचर्ड बर्नस्टीन या अमेरिकन इंजिनियराच्या पाहण्यांत एका नव्या यंत्राची जाहिरात आली. वयाच्या १२ व्या वर्षापासून तो या व्याधीनें ग्रस्त होता. औषधी पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवावयाचा, मिनिटभरानें धुवावयाचा व उमटलेला निळा रंग यंत्रानें मोजावयाचा, अशी रीति. वजन सुमारें ३ पौंड, किंमत ६५० डॉलर. आणि विक्री फक्त डॉक्टरांस व इस्पितळांस! पत्नी डॉक्टर, म्हणूनच तें त्याच्या घरीं आलें. दिवसांतून अनेकदां रक्त तपासून त्यानें इन्शुलिनची मात्रा व आहार बदलला, आणि प्रकृति सुधारली. वैद्यकीय मासिकांनीं मात्र त्याचा लेख नाकारला. तेव्हां हा गृहस्थ ४५ व्या वर्षीं वैद्यकीय कॉलेजांत दाखल झाला.

आतां यंत्र खिशांत मावतें. तथापि त्याचा आंकडा म्हणजे प्रयोगशाळेचा निर्णय नव्हे. २०१३ चें आंतरराष्ट्रीय मानक १०० मिलिग्रॅम व त्यावरील मापांत १५ टक्क्यांची चूक क्षम्य मानतें. खरी साखर २०० असतां १७० दाखविली तरी चालतें. शिवाय बोटास फळाचा रस लागलेला असला, तर यंत्र त्या रसाचीही साखर मोजतें.