खोत कादंबरीत आला तेव्हा

१५ मे १९५० रोजी खोती निर्मूलनाचा कायदा अमलात आला आणि रत्नागिरी जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वहिवाट कागदोपत्री संपली. पुढे दोनच वर्षांनी, १९५२ साली, श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ वाचकांच्या हाती पडली. तिच्यातल्या अण्णा खोतांची जरब जराही ओसरली नव्हती. सरकारदप्तरातून निघालेल्या खोताला मराठी कादंबरीने असा आसरा दिला आणि पुढची कित्येक दशके तो तिथून हलला नाही. रत्नागिरीबाहेरच्या मराठी वाचकाला खोत भेटला तो मुख्यतः पुस्तकातून आणि पडद्यावर. त्यामुळे तो कसा रंगवला गेला, आणि त्याच्या शेजारी कोण रंगवायचे राहिले, हा प्रश्न साहित्याइतकाच जिल्ह्याच्या इतिहासाचाही आहे.

खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वंशपरंपरागत वतनदार. ही व्यवस्था आदिलशाहीच्या काळातही होती, पेशवाईत तिची मुळे आणखी खोल गेली आणि इंग्रजांना ती वारशात मिळाली. सरकारला ठरलेला सारा द्यायचा आणि कुळाकडून पिकाचा वाटा घ्यायचा. कुठे निम्मा, म्हणजे अर्धेल. कुठे तिसरा हिस्सा, म्हणजे तिर्धेल. यांच्या मधला फरक खोताचा. शिवाय कुळाच्या अंगमेहनतीवर, वेठीवरही त्याचा हक्क चाले. जमिनीचा मालक कोण, सरकार, खोत की कसणारा, याचे उत्तर मुद्दाम धूसर राहिले होते. १८८० च्या खोती कायद्याने हक्कांची नोंद करून वाद मिटवायचा प्रयत्न केला. वाद मिटले नाहीत. उलट ते कचेरीत आणि कोर्टात जाऊन मुरले.

आणखी एक बारकावा कादंबरी वाचताना फार उपयोगी पडतो. एका गावच्या खोतीत अनेक भाऊबंदांचे हिस्से असत आणि कारभार पाळीपाळीने फिरे. यंदा ज्याची पाळी, तो गावाचा धनी. पुढच्या वर्षी तोच माणूस चुलतभावाच्या तोंडाकडे पाहत बसणार. कोकणी माणसाच्या भाऊबंदकीला, हेकटपणाला, कज्जेखोरीला लेखकांनी आणि समीक्षकांनी पुष्कळदा स्वभावाचा दोष मानले. पाळीची वहिवाट ध्यानात घेतली की या स्वभावाला पाया दिसतो. एका वर्षाची सत्ता माणसाला उतावळा, संशयी आणि मानपानाला हळवा करते. शिमग्यात पालखीपुढे पहिला मान कोणाचा, यावरून पेटणारे वाद याच मातीतले आहेत.

पेंडसे यांचा जन्म १९१३ साली दापोलीजवळच्या मुर्डीचा. लहानपणीच ते मुंबईला गेले, पुढे बेस्टमध्ये नोकरी केली आणि तिथे राहून हर्णै-मुर्डीचा परिसर लिहीत राहिले. ‘गारंबीचा बापू’ची ओळख प्रादेशिक कादंबरी म्हणून करून देतात. पोफळीच्या बागा, पाऊस आणि बोलीची चव यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिचा कणा मात्र आर्थिक आहे. बापू गरीब घरातला आणि कोणाची भीड न धरणारा. राधेशी संसार मांडून तो गावाची रीत मोडतो. पण गावात त्याला वजन येते ते सुपारीच्या व्यापारातल्या पैशामुळे. अण्णा खोतांचे सामर्थ्य जमिनीवरच्या हक्काचे, बापूचे बाजाराचे. विसाव्या शतकात कोकणातल्या गावांची सत्ता ज्या दिशेने सरकली, ती पेंडशांनी दोन माणसांच्या झुंजीत पकडली. म्हणूनच काशिनाथ घाणेकरांचा बापू रंगभूमीवर आणि पुढे १९८० च्या चित्रपटात प्रेक्षकांना आपला वाटला असावा.

१९८७ साली दोन खंडांत ‘तुंबाडचे खोत’ आली. खेडजवळून वाहणारी जगबुडी नदी आणि तिच्या काठावरचे एक खोत घराणे, चार पिढ्यांचे. मराठीत एखाद्या वतनदारीचा असा सलग, श्वास न सोडता सांगितलेला वृत्तान्त विरळा. पेंडशांनी खोताला खलनायक करून सोडून दिले नाही. कोणी उर्मट, कोणी विलासी, कोणी सालस, कोणी काळाची चाहूल लागलेला. एकाच वाड्यात माणसे इतक्या तऱ्हांची निपजतात आणि तरीही घराणे ढासळत जाते, हे पाहताना वाचक हळहळतो. ही हळहळ या कादंबरीचे मोठे यश आहे. मात्र तिच्यात एक अडचण आहे. ढासळणाऱ्या वाड्यासाठी जीव तुटताना तो वाडा कोणाच्या अर्धेलीवर उभा राहिला, हे मागे पडते. कुळे येतात, जोहार करतात, राबतात, कधी उसळतात. त्यांच्या घरात शिरून रात्री चूल पेटते की नाही हे पाहण्याइतका वेळ कादंबरी क्वचितच देते.

राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटाने पेंडशांकडून नाव घेतले, कथेचे सूत नारायण धारपांकडचे. तिथे खोती नाही. वाडा, ‘सरकार’, न थांबणारा पाऊस आणि हाव एवढेच उरले, आणि कथा १९१८ पासून १९४७ पर्यंत पोचते. तरी वतनदारीच्या उत्तरार्धाचे मर्म त्यात उतरले आहे: कष्ट न करता मिळणाऱ्या धनाची चटक बापाकडून मुलाकडे जाते.

साने गुरुजींची गोष्ट वेगळी. पालगडचे हे घराणे खोतांचे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ आणि तिच्यावरचा आचार्य अत्रे यांचा १९५३ चा चित्रपट, राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणारा, दोन्ही आईच्या संस्कारांची कथा म्हणून घरोघर पोचली. पण त्या आईच्या डोक्यावरचे कर्ज, सावकाराच्या माणसाने केलेला अपमान, उतरती कळा लागलेले घर हे सगळे बुडत्या खोतीचे घरगुती रूप आहे. श्यामची आई यशोदा, तिच्या व्यक्तिरेखेतला करारीपणा या पडझडीतून घडलेला आहे. तो नुसता ममतेत बसवला तर ती उणी होते. याच खोताच्या मुलाने पुढे खानदेशात शेतकऱ्यांच्या सारामाफीसाठी रान उठवले.

मालगुंडच्या केशवसुतांनी तर एकोणिसाव्या शतकातच ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ आणि ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ या कविता लिहिल्या. कादंबरीला जे अंगण ओलांडायला पुढे वेळ लागला, ते कवितेने आधी ओलांडले होते.

प्रत्यक्षात मात्र कूळ गप्प नव्हते. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याशी ज्यांचे मूळ जोडलेले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. सरकारचे प्रमुख होते बाळासाहेब खेर, जन्माने रत्नागिरीचेच. ते विधेयक संमत झाले नाही. अखेर खोती संपवणारा कायदा झाला तोही खेरांच्याच दुसऱ्या कारकिर्दीत. दुसऱ्या बाजूला, ज्यांचे घराणे चिखलगावचे खोत, त्या लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून खोतांची बाजू मांडली होती. एका जिल्ह्याच्या पोटात एवढा ताण असताना कादंबरीने एकाच बाजूचे अंतरंग उलगडावे, याचे कारण सरळ आहे: लिहिता हात बहुतेक खोताच्या आळीतला होता. मराठा आणि मुसलमान खोतही जिल्ह्यात होते. लोकप्रिय कादंबऱ्यांत तेही फारसे दिसत नाहीत.

दुसरी बाजू आली ती आत्मकथनाच्या वाटेने. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ २००३ साली आले. डोंगरवाटेने भारे वाहत शहराच्या बाजारात जाणाऱ्या बाया आणि बांबूची आयदाने विणत घर चालवणारी आई त्यात आहे. यशोदा आणि ही आई एकाच जिल्ह्याच्या, दोघींनाही पैशाची तंगी, दोघीही करारी. एकीचे दारिद्र्य गमावलेल्या खोतीचे. दुसरीच्या वाट्याला गमवायला काही आलेच नव्हते. वर्गात या दोघी शेजारी ठेवून शिकवल्या, तर आई या विषयावर मुले आजच्यापेक्षा कितीतरी नेमके लिहितील.

‘तुंबाडचे खोत’च्या तोडीची, कुळाच्या चार पिढ्या सांगणारी कादंबरी कोणती, असे विचारले तर मराठी वाचकाला चटकन उत्तर सुचत नाही. तिच्यासाठी लागणारा ऐवज मात्र आहे: आंबेडकरांच्या ‘जनता’ पत्राचे अंक, १९३७ ची विधिमंडळातली चर्चा, १९४८ च्या कूळकायद्याखाली आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर चढताना झालेले दावे आणि जबान्या. त्या जबान्यांत कूळ पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने आपले नाव, आपले शेत आणि किती वर्षे कसले ते सांगते.