ज्येष्ठ खेळाडूंची अदलाबदल (इंडियन प्रीमियर लीग)

इंडियन प्रीमियर लीगमधील ज्येष्ठ खेळाडूंची अदलाबदल म्हणजे कारकिर्दीच्या उत्तरार्धात असलेला नामवंत क्रिकेटपटू लिलावाबाहेर, दोन संघांच्या परस्पर संमतीने एका संघातून दुसऱ्या संघात जाणे होय. असा खेळाडू घेणाऱ्या संघाला अनुभव, नेतृत्व आणि प्रेक्षकांचे आकर्षण यांचा लाभ होतो. त्याच्या मोबदल्यात संघ तरुण खेळाडू गमावतो, किंवा त्याच्या मानधन-मर्यादेचा मोठा हिस्सा अडकून पडतो.

नियम

अदलाबदल ठरावीक कालावधीतच करता येते. तिला खेळाडूची संमती आणि भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची मान्यता आवश्यक असते. व्यवहार दोन प्रकारे होतो : खेळाडूच्या बदल्यात खेळाडू, किंवा केवळ रोख रक्कम. खेळाडूचे मानधन नव्या संघाच्या एकूण मर्यादेत धरले जाते. संघांनी आपसांत ठरवलेली हस्तांतरण रक्कम मात्र त्या मर्यादेतून वजा होत नाही. संघाला डावलून खेळाडूने स्वतः अन्य संघाशी वाटाघाटी करणे नियमबाह्य आहे. याच कारणावरून रवींद्र जडेजावर २०१० च्या हंगामापुरती बंदी घालण्यात आली होती.

खर्चाचे स्वरूप

अशा व्यवहाराचा खर्च केवळ रुपयांत मोजता येत नाही. पहिला खर्च मानधनाचा. मर्यादा ठरलेली असल्याने एकावर खर्च झालेली रक्कम इतरांसाठी उरत नाही. दुसरा खर्च सोडून दिलेल्या तरुण खेळाडूच्या संभाव्य प्रगतीचा, जो व्यवहाराच्या दिवशी दिसत नाही. तिसरा खर्च दुखापतीच्या जोखमीचा, जी वयानुसार वाढते. चौथा खर्च संघरचनेचा : मोठ्या नावाच्या खेळाडूला बाहेर बसवणे कठीण असल्याने त्याच्यासाठी इतरांची जागा बदलावी लागते.

प्रमुख उदाहरणे

झहीर खान (२००९) : अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील श्रीरामपूरचा हा डावखुरा वेगवान गोलंदाज तिशीत असताना रॉयल चॅलेंजर्स बंगळूरकडून मुंबई इंडियन्सकडे आला. मोबदल्यात तेवीस वर्षांचा फलंदाज रॉबिन उथप्पा बंगळूरला मिळाला. २००९ च्या हंगामात झहीरच्या खांद्याला दुखापत झाली. त्या वर्षी मुंबई सातव्या स्थानी राहिली, तर बंगळूरने अंतिम फेरी गाठली. पुढच्याच वर्षी मुंबईने प्रथमच अंतिम सामन्यात प्रवेश केला. एका हंगामावरून अशा व्यवहाराचा निर्णय देता येत नाही, हे यातून दिसते.

शिखर धवन (२०१८) : वयाच्या तेहतिशीत पोहोचत असलेला धवन सनरायझर्स हैदराबादकडून दिल्लीला गेला. मोबदल्यात विजय शंकर, शाहबाझ नदीम आणि अठरा वर्षांचा अभिषेक शर्मा असे तीन खेळाडू हैदराबादला मिळाले. धवनने दिल्लीसाठी २०१९ मध्ये ५२१, २०२० मध्ये ६१८ आणि २०२१ मध्ये ५८७ धावा केल्या. दिल्लीने २०२० मध्ये प्रथमच अंतिम फेरी गाठली. दुसरीकडे अभिषेक शर्मा पुढे हैदराबादचा प्रमुख सलामीवीर झाला आणि २०२५ मध्ये पंजाब किंग्जविरुद्ध त्याने १४१ धावांची खेळी केली. मात्र २०२२ च्या महालिलावात तो पुन्हा बोलीसाठी खुला होता आणि हैदराबादला त्याच्यासाठी ६.५ कोटी रुपये मोजावे लागले. त्यामुळे अभिषेकची पुढील सर्व कामगिरी दिल्लीच्या तोट्यात धरणे योग्य ठरत नाही.

अजिंक्य रहाणे (२०१९) : संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे जन्मलेला रहाणे वयाच्या एकतिसाव्या वर्षी राजस्थान रॉयल्सकडून दिल्लीकडे गेला. मोबदल्यात मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया राजस्थानला मिळाले. रहाणेला २०२० मध्ये ९ सामन्यांत ११३ धावा करता आल्या आणि २०२१ मध्ये तो केवळ दोन सामने खेळला. त्याउलट तेवतियाने २७ सप्टेंबर २०२० रोजी शारजा येथे एका षटकात पाच षटकार मारून राजस्थानला विजयाकडे नेले. पुढे २०२३ मध्ये चेन्नई सुपर किंग्जने रहाणेला ५० लाख रुपये या मूळ किंमतीला घेतले. त्या विजेत्या हंगामात त्याने ३२६ धावा वेगाने जमवल्या. खेळाडू तोच, वय अधिक, परंतु किंमत आणि भूमिका वेगळी होती.

रवींद्र जडेजा (२०२५) : चेन्नईकडून बारा हंगाम खेळलेला छत्तीस वर्षांचा जडेजा सॅम करनसह राजस्थानकडे गेला आणि एकतीस वर्षांचा संजू सॅमसन चेन्नईकडे आला. या व्यवहारात जडेजाचे मानधन १८ कोटींवरून १४ कोटी रुपयांवर आले, तर सॅमसनचे १८ कोटी रुपये कायम राहिले.

अमेरिकन फुटबॉलशी तुलना

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ही जोखीम अधिक तीव्र असते, कारण संघाचा खेळ क्वार्टरबॅक या एका खेळाडूभोवती फिरतो. तेथे मोबदल्यात भावी नवोदितांच्या निवडीचे हक्कही दिले जातात. न्यूयॉर्क जेट्सने २०२३ मध्ये एकोणचाळीस वर्षांच्या ॲरन रॉजर्सला घेतले. पहिल्याच सामन्यातील चौथ्या चालीत त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला आणि त्याचा तो हंगाम तेथेच संपला. याउलट, २०२१ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने मॅथ्यू स्टॅफर्डसाठी पहिल्या फेरीतील दोन हक्क दिले आणि त्याच हंगामाचे विजेतेपद मिळवले.

मूल्यमापन

आयपीएलमध्ये ठरावीक वर्षांनी होणाऱ्या महालिलावात बहुतेक खेळाडू मोकळे होतात. त्यामुळे दूरच्या भविष्याचे मोल येथे तुलनेने कमी असते आणि ज्येष्ठ खेळाडू घेण्याचा मोह वाढतो. वरील उदाहरणांवरून केवळ वय निर्णायक ठरत नसल्याचे दिसते. धवनला सलामीवीर म्हणून निश्चित जागा मिळाली, रहाणेला दिल्लीत ती मिळाली नाही. संघात मोकळी असलेली भूमिका, मानधनाचे प्रमाण आणि पुढील महालिलावापर्यंत उरलेले हंगाम या तीन बाबी एकत्र पाहिल्यावरच अशा अदलाबदलीचा खरा खर्च लक्षात येतो.