कुट्टक ते चक्रवाल: भारतीय गणितातील अल्गोरिदमची वाटचाल

दिलेल्या संख्यांपासून ठरावीक, निःसंदिग्ध पायऱ्यांनी उत्तरापर्यंत नेणारी आणि कुठेतरी नक्की थांबणारी रीत म्हणजे अल्गोरिदम. संगणकाच्या कितीतरी शतके आधी भारतीय गणिती अशा रीती धूळ पसरलेल्या पाटीवर चालवत असत.

इ.स. ४९९ मधील 'आर्यभटीय' हा या परंपरेतला एक प्रमुख ग्रंथ. त्याच्या गणितपादात ३३ श्लोक आहेत. वर्गमूळ आणि घनमूळ काढण्याची रीत त्यात प्रत्येकी एका श्लोकात येते, तर शेवटचे दोन श्लोक कुट्टकाचे, म्हणजे दिलेल्या बाक्यांवरून संख्या शोधण्याच्या रीतीचे आहेत. श्लोक पाठांतरासाठी असल्याने पायऱ्या त्यात अतिशय त्रोटक असतात. त्या उलगडून उदाहरणांवर चालवून दाखवण्याचे काम भाष्यकारांचे. ६२९ मध्ये पहिल्या भास्कराने 'आर्यभटीया'वर असे भाष्य लिहिले. त्यातले एक उदाहरण असे: जिला ८ ने भागल्यास बाकी ५, ९ ने भागल्यास ४ आणि ७ ने भागल्यास १ उरते, ती संख्या कोणती? पहिल्या दोन अटी १३ पूर्ण करते. ८ आणि ९ यांचा गुणाकार ७२, म्हणून १३ मध्ये ७२ मिळवत गेले तरी त्या अटी टिकतात. पुढचीच संख्या ८५ तिसरी अटही पूर्ण करते.

मोठ्या संख्यांसाठी असा शोध अंदाजाने लागत नाही. ग्रहांच्या भगणांवरून (पूर्ण फेऱ्यांवरून) गेलेले दिवस काढताना ज्योतिषांना अशाच संख्या हाताळाव्या लागत. तिथे कुट्टक परस्पर भागाकार वापरतो. १३७ आणि ६० घेतल्यास १३७ ला ६० ने भागून बाकी १७, ६० ला १७ ने भागून ९, १७ ला ९ ने भागून ८ आणि ९ ला ८ ने भागून १ उरते. आलेले भागाकार एकाखाली एक मांडून खालून वर गणित करत गेले की उत्तर मिळते. प्रत्येक बाकी आधीच्या बाकीपेक्षा लहान असल्याने ही रीत थांबणार हे उघड आहे. परस्पर भागाकाराची मूळ पायरी युक्लिडच्या 'एलिमेंट्स'मध्येही आढळते.

भिल्लमालच्या ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त याहून अवघड प्रश्न हाती घेतला. कोणत्या संख्येच्या वर्गाला ९२ ने गुणून १ मिळवल्यास पूर्ण वर्ग मिळेल? उत्तर १२० आहे आणि मिळणारा वर्ग ११५१ चा. दोन उत्तरांच्या संयोगातून तिसरे काढणारी त्याची 'भावना' ही क्रिया प्रभावी होती. मात्र ती फलदायी ठरेल अशा टप्प्यापर्यंत हमखास नेणारी रीत त्याच्याकडे नव्हती.

ही उणीव चक्रवालाने भरून काढली. जयदेव या गणितीची चक्रवाल रीत उदयदिवाकराच्या १०७३ मधील टीकेमुळे ज्ञात आहे. दुसऱ्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'बीजगणिता'त ती ६१ या संख्येसाठी चालवून दाखवली. ८ चा वर्ग ६१ पेक्षा ३ ने जास्त आहे, म्हणून सुरुवातीला कनिष्ठ मूळ (जिचा वर्ग ६१ ने गुणायचा ती संख्या) १, ज्येष्ठ मूळ (मिळणाऱ्या वर्गाचे मूळ) ८ आणि क्षेप (मिळवायची संख्या) ३. आता अशी संख्या निवडायची की तिने कनिष्ठाला गुणून ज्येष्ठ मिळवल्यावर बेरजेला क्षेपाने निःशेष भाग जावा. शिवाय तिचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असावा. ती संख्या ७. त्यावरून नवे कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९ आणि क्षेप उणे ४ येतो. इथून ब्रह्मगुप्ताची क्रिया थेट उत्तर देते: कनिष्ठ २२६१५३९८०, ज्येष्ठ १७६६३१९०४९. प्रत्येक फेरीतली निवड कुट्टकाने होते. तयार रीत नव्या रीतीच्या पोटात बसवण्याची ही पद्धत आजच्या प्रोग्रॅमिंगमध्ये 'फंक्शन' या नावाने रूढ आहे.

खानदेशातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. यादव राजा सिंघण याच्या काळातील तिथला शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला. अशा रीती गुरुशिष्य परंपरेने पुढे जात, त्याची ही नोंद.

युरोपात फेर्मा यांनी १६५७ मध्ये ६१ चाच प्रश्न आव्हान म्हणून मांडला. अशा प्रश्नांना उत्तर नेहमी असतेच, हे अठराव्या शतकात लाग्रांज यांनी सिद्ध केले. चक्रवालाची फेरी नेहमी उत्तरापाशी थांबते का, हा प्रश्न मात्र वेगळा होता. कुट्टकातली बाकी सतत घटते. चक्रवालात क्षेप कमीजास्त होत राहतो, त्यामुळे थांबण्याची हमी वरवर दिसत नाही. ती सिद्धता १९२९ च्या सुमारास ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी दिली.

कुट्टकाची क्रिया आजही वापरात आहे. १९७७ मध्ये मांडलेल्या आरएसए या गुप्तलेखन पद्धतीत खासगी किल्ली काढण्यासाठी परस्पर भागाकाराचेच हे गणित केले जाते.