मिशीचा संप

उपाहारगृहात शिरताच इस्त्रीच्या कपड्यांतला, गुळगुळीत दाढी केलेला वाढपी समोर येतो. त्याने असेच का दिसावे, हा प्रश्न आपणांस सहसा पडत नाही. स्वच्छतेसाठी, हे उत्तर तयारच असते. इतिहास थोडे निराळे सांगतो.

आजच्या धर्तीचे उपाहारगृह अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस शहरी जन्मास आले. १७८९ साली राज्यक्रांती झाली, पुष्कळ उमराव परागंदा झाले आणि त्यांच्या पदरचे कित्येक आचारी ह्या नव्या धंद्यात शिरले. वाड्यातले पदार्थ बाजारात आले, तशी वाड्यातली रीतही आली. मिशी हे सैनिकाचे आणि प्रतिष्ठित गृहस्थाचे लेणे. घरगड्याने ती राखावयाची नाही, असा तेथला शिरस्ता होता. गिऱ्हाईक घटकाभर धनी व्हावयाचे, तर वाढणारा गडी दिसलाच पाहिजे! काळा कोट, पांढरा एप्रन आणि सफाचट ओठ, हा त्याचा वेष ठरला.

एप्रिल १९०७ मध्ये पॅरिसच्या वाढप्यांनी संप पुकारला. त्यांचे पोट मुख्यतः बक्षिसीवर होते. आठवड्याच्या सुट्टीचा कायदा १९०६ साली झाला होता, पण कागदावरची सुट्टी पदरात पडावयाची होती. मिळकत आणि सुट्टी ह्यांच्या जोडीला त्यांनी आणखी एक मागणी केली : मिशी राखण्याचा हक्क. ती पुष्कळ मालकांनी मान्य केली.

हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांसही हसू आले. पुढे एका सभेत एक पोरसवदा वाढपी उठून म्हणाला, "भाऊ, रोज दाढी पाहिजे, मिशी चालत नाही, कपडे कडक पाहिजेत. मग ब्लेडचे आणि इस्त्रीचे पैसे माझ्याच खिशातून का?" तेव्हा पॅरिसचा तो संप आम्हांस खरा समजला.

स्वच्छतेस आमचा विरोध नाही. अन्नाला लागणारे हात धुतलेलेच हवेत, केस झाकलेलेच हवेत. परंतु प्रत्येक नियमाला एक प्रश्न विचारावा : हा अन्नाची काळजी घेतो, की माणसाला त्याच्या गडीपणाची आठवण देतो? पहिल्या नियमाचा खर्च मालकाने सोसावा. दुसरा नियम मालकाने मोडीत काढावा. आणि तो तसा काढला जाईपर्यंत, श्रोतेहो, वाढणाऱ्याला निदान 'अहो' म्हणून हाक मारणे आपल्या हाती आहे.