संस्कृत बोलणारा नरभक्षक

इतिहासाच्या व्याख्यानात माणसं खाणाऱ्यांचा सिनेमा कशाला, असं काहींना वाटलं असेल. आधी सिनेमा सांगतो, मग विदर्भात येऊ. अंतर फार नाही.

१९६४ साली हर्शेल गॉर्डन लुइस या अमेरिकी दिग्दर्शकाने 'टू थाउजंड मॅनियाक्स' काढला. उत्तरेकडचे सहा प्रवासी मोटारीने दक्षिणेतून चाललेत. खोट्या पाट्या लावून त्यांना प्लेझंट व्हॅली नावाच्या गावात वळवलं जातं. तिथं उत्सव चालू. महापौर स्वतः स्वागताला हजर. राहणं फुकट, जेवण फुकट. मग एकेकाचा मुडदा पडू लागतो. एका बाईचा हात तोडून चक्क निखाऱ्यांवर भाजतात, आणि गावकरी गातायत, हसतायत! २००५ मध्ये टिम सलिव्हनने '२००१ मॅनियाक्स' या नावाने तो नव्याने केला. तिथं गाव उघडउघड नरभक्षक आहे. रक्त एवढं सांडतं की किळस येता येता हसू फुटतं, आणि ते फुटावं म्हणूनच सांडलेलं असतं.

पण गावाला राग कसला? यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने हे गाव कापून काढलं, त्याची ही शताब्दी. म्हणजे हे भुताचं गाव आहे, आणि त्याच्या दारावर नगरपालिकेची पाटी आहे. माझ्या मते सिनेमाची खरी अक्कल इथं आहे. खाणारा जंगली नाही, तो आग्रह करकरून वाढणारा यजमान आहे.

आता आपल्याकडे या. वनपर्वात अगस्ती आणि लोपामुद्रेची कथा येते. लोपामुद्रा विदर्भाची राजकन्या. वल्कलात संसार करणार नाही, माहेरी होतं तसं वैभव आण, असं तिनं नवऱ्याला बजावलं. अगस्ती निघाले. तीन राजांकडे गेले. प्रत्येकाने जमाखर्च पुढे ठेवला, तर आवक-जावक बरोबर! (हशा) घ्यायचं काय? शेवटी तिन्ही राजे म्हणाले, पैसा इल्वलाकडे आहे, चला त्याच्याकडेच. आणि तेही सोबत निघाले.

इल्वलाची रीत ठाऊक आहे ना? भाऊ वातापी, त्याचा मेंढा करायचा, कापून शिजवायचा, ब्राह्मण पाहुण्याला वाढायचा. जेवण झालं की हाक मारायची. वातापी पोट फाडून हसत बाहेर. अगस्तींनाही तेच वाढलं. राजांचे चेहरे उतरले. मुनी शांतपणे सगळं जेवले. इल्वल हाका मारतोय, आणि बाहेर काय आलं? नुसता वारा. हे मी पदरचं घालत नाही, महाभारतातच आहे.

वाल्मीकींनी या गोष्टीत एक बारकावा घातलाय. तिथं इल्वल ब्राह्मणाचं रूप घेऊन, संस्कृत बोलत, श्राद्धाचं आमंत्रण देतो. नरमांस खाणाऱ्याची भाषा कुठली, तर संस्कृत! रामटेकला अगस्तींचा आश्रम दाखवतात, तिथं जाल तेव्हा हे आठवा.

दंतकथा बाजूला ठेवली तरी या मुलखातल्या वाटसरूंना ही भीती होतीच. नागपूर–जबलपूर रस्ता ठगांच्या जबान्यांत वारंवार येतो. स्लीमनने १८३६ मध्ये त्यांच्या सांकेतिक बोलीवर 'रामसीआना' हे पुस्तक छापलं. ठगांच्या धर्माबद्दल त्याने जे रंगवलं त्यावर आजचे अभ्यासक शंका घेतात, ते बरोबरच आहे. पण पद्धत पाहा: वाटेत ओळख काढायची, सोबत करायची, बसून गप्पा मारायच्या, आणि तंबाखूची गोष्ट निघाली की रुमाल गळ्यात. तंबाखू हा इशारा होता. खर्ऱ्याच्या या शहरात याहून अधिक बोलत नाही.

मग नरभक्षक जंगलात कधी गेला? तसा तो तिथं जुनाच आहे. हिरोडोटस हिंदुस्थानात कधी आला नाही, तरी आजारी माणसाला मारून खाणाऱ्या इथल्या लोकांबद्दल त्याने लिहिलं. इंग्रजी अमदानीत नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती. रसेल आणि हिरालाल यांचा त्या प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चारखंडी ग्रंथ १९१६ चा. त्यात गोंडांवर मोठं प्रकरण आहे आणि त्यात नरबळीचा मजकूरही आहे. ज्या गोंडांच्या बख्त बुलंद शाहने हे नागपूर वसवलं, तेच हे गोंड! सिनेमानेही तेच केलं. देओदातोच्या 'कॅनिबल होलोकॉस्ट'मध्ये, १९८० च्या, ॲमेझॉनमधल्या खऱ्या जमातींची नावं नरभक्षकांना दिलीत. नटांना खरोखर मारलं या संशयावरून इटलीत दिग्दर्शकावर खटला झाला, तेव्हा नट जिवंत दाखवावे लागले. नटांची खात्री पटली. जमातींच्या अब्रूचं काय, हे कुठल्या कोर्टानं विचारलं नाही.

म्हणून मला आदित्य सरपोतदारांचा 'झोंबिवली' आवडतो. २०२२ चा, मराठी, विनोदी. माणसं चावणारी इथंही आहेत, पण ती कुठल्या रानातून येत नाहीत. डोंबिवलीतलं टोलेजंग संकुल, शेजारची झोपडपट्टी, आणि घोटाळा बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात. इल्वल तिथं कोण, ते सिनेमा पाहून तुम्हीच ठरवा. प्रश्न असतील तर आता घेऊ या.